प्रोषितभर्तृका
प्रोषितभर्तृका : पती किंवा प्रियकर कामानिमित्त परदेशी गेल्याने मागे राहिलेली नायिका. भरताच्या नाट्यशास्त्रातील अष्टनायिकांपैकी ही एक. ‘प्रोषित’ (प्र + वस्) म्हणजे प्रवासाला गेलेला. धनंजय दशरूपकात हिला ‘प्रोषितप्रिया’ म्हणतो. पती अजून निघायचाच आहे अशी नववी नायिका भानुदत्ताने रसमंजरीत वेगळी मानली.

अष्टनायिकांपैकीच खंडिता रुसते, अभिसारिका प्रियकराला भेटायला घराबाहेर पडते. हिला वाट पाहण्याखेरीज काही करता येत नाही. तिचा धीर टिकतो तो ‘अवधी’वर, म्हणजे परतीच्या ठरलेल्या मुदतीवर. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत ही मुदत भिंतीवर रेघा ओढून मोजली जाते. एका गाथेत ‘आज गेला, आज गेला’ म्हणत पहिल्या अर्ध्या दिवसातच तिने भिंत रेघांनी भरून टाकली आहे. दुसरीत वादळाने विसकटलेल्या छपरातून पाणी ओघळते आणि ती तळहातांनी रेघा तेवढ्या झाकते. तिसरीत मुदत भरत आल्याने धास्तावलेल्या मैत्रिणी दोन-तीन रेघा गुपचूप पुसतात.

या गाथांचा काळ वादग्रस्त आहे. संग्रह सातवाहन राजा हाल याच्या नावावर असल्याने तो परंपरेने इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकातला धरतात. इतिहाससंशोधक दे. रा. भांडारकरांनी मंगळवार व राधा यांच्या उल्लेखांवरून तो सहाव्या शतकापर्यंत पुढे आणला. तथापि हस्तलिखितांच्या सर्व पाठपरंपरांत समान गाथा सुमारे ४३०च आहेत, हे जर्मन विद्वान वेबरने दाखवले होते. त्यामुळे जुन्या संग्रहात पुढे भर पडत गेली, हे संस्कृत पंडित वा. वि. मिराशींचे मत अधिक ग्राह्य वाटते.

कालिदासाच्या मेघदूतातील यक्षाचा विरह शापामुळे आलेला, एक वर्षाचा. यक्षपत्नी उंबऱ्यावर वाहिलेली फुले जमिनीवर मांडून उरलेले महिने मोजते. यक्ष तिला आणखी चार महिने डोळे मिटून काढायला सांगतो. शाप कार्तिकी एकादशीला, विष्णू शेषशय्येवरून उठला की संपणार. हे चार महिने यक्षाला मेघ दिसला त्या दिवसापासून मोजायचे, आणि तो दिवस कोणता यावरूनच पाठभेदाचा वाद आहे. ‘आषाढस्य प्रथमदिवसे’ हा प्रचलित पाठ, तर टीकाकार वल्लभदेव ‘प्रशमदिवसे’ (शेवटच्या दिवशी) वाचतो. श्रावण जवळ आल्याचा पुढे उल्लेख आहे, म्हणून महिनाअखेर हवी, असे त्या पक्षाचे म्हणणे. दुसरा टीकाकार मल्लिनाथ ते अमान्य करतो. अमान्त (महिना अमावास्येला संपणाऱ्या) पंचांगाने पहिल्या तिथीपासून मोजल्यास चार महिन्यांवर दहा दिवस जास्त होतात, अमावास्येपासून मोजल्यास सुमारे वीस दिवस कमी पडतात. उत्तरेकडील पौर्णिमान्त (महिना पौर्णिमेला संपणाऱ्या) गणनेने मात्र शेवटचा दिवस चार महिन्यांशी बराच जुळतो, हे मान्य करावे लागते. महाराष्ट्रात कालिदास दिन आषाढाच्या पहिल्या दिवशीच पाळतात. यक्ष शापकाळात राहिला तो रामगिरी म्हणजे रामटेक, असे मिराशींनी मांडले आहे.

मराठीत पेशवाईतील लावण्यांत स्वारीवर गेलेल्याची वाट पाहणारी स्त्री आढळते. त्याआधी ज्ञानदेवांच्या विराण्यांत (विरहगीतांत) हीच भूमिका भक्ताकडे आली होती. तिथे ती काव काव करणाऱ्या कावळ्याला शकुन विचारते आणि त्याच्या तोंडी दहीभाताची उंडी देण्याचे कबूल करते.