चुलीची राख आणि थर्मलची राख

परळीजवळच्या एका वस्तीवर मावशींच्या ओसरीत सिमेंटची जुनी गोणी दिसली. आत करडी, मऊ भुकटी. मावशी त्यात चवळीचं बियाणं घोळवून मडक्यात भरायला बसल्या होत्या.

"मावशी, चुलीतली का ही?"

"आता कुठली चूल? गॅस आलाय. थर्मलची आहे, फुकट मिळते."

थर्मल म्हणजे कोळशावर चालणारं वीजकेंद्र. रंग तोच, नाव तेच, म्हणून उपयोगही तोच असेल असं कुणालाही वाटेल. पण या दोन राखांचं नातं नावापुरतंच आहे.

झाड जमिनीतून जे क्षार शोषून घेतं, तेच लाकूड जळल्यावर चुलीत उरतात: मुख्यतः चुना आणि पालाश (पोटॅश). शंभर किलो सुक्या लाकडामागे राख जेमतेम एक-दोन किलो. ती पाण्यात कालवली की बोटं बुळबुळीत होतात, कारण पालाशाचे क्षार विरघळून पाणी अल्कधर्मी होतं. खरकट्या भांड्याचं तेल राखेनं निघतं ते यामुळेच. तेलाचा थोडासा साबणच तिथं तयार होतो. कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीला ही राख मानवते. मराठवाड्या-विदर्भातली काळी जमीन मुळातच अल्कधर्मी असते, तिथं मात्र हात राखूनच टाकावी.

थर्मलची राख झाडाची कमी आणि दगड-मातीची जास्त. कोळशाच्या थरात मिसळलेली चिकणमाती, वाळू भट्टीत जळत नाही. आपल्याकडच्या कोळशात तिचं प्रमाण फार, शंभर किलोमागे बहुधा 30 ते 45 किलो. हजार अंशांच्या कितीतरी वरच्या धगीत ती वितळते आणि धुराबरोबर उडताना थिजून काचेचे सूक्ष्म गोल मणी बनतात. बोटांत चोळली तर ती पावडरसारखी घसरते, ते या मण्यांमुळे. धुरात उडालेली ही फ्लाय अ‍ॅश विद्युतभारित पत्र्यांवर पकडतात. जाड, जड राख तळाशी पडते.

या काचेत सिलिका आणि अ‍ॅल्युमिना असल्यामुळे चुन्याशी तिचं छान जमतं. राख मिसळून बनणाऱ्या पीपीसी सिमेंटमध्ये ती 35 टक्क्यांपर्यंत चालते, विटांतही जाते. पण कोळशातलं आर्सेनिक, शिसं, क्रोमियमही थोड्या प्रमाणात तिच्यातच साठतं. पाण्यात कालवून तलावात साठवली की ते झिरपू शकतं. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळ खसाळ्याचा राख बंधारा फुटला आणि राखेचा गाळ आसपासच्या शेतांत आणि नाल्यात पसरला. चुलीच्या राखेनं असं कधी होत नाही, कारण ती इतकी साठतच नाही.

म्हणून घासण्यासाठी, बियाण्यासाठी, परसातल्या वांग्यांसाठी थर्मलची राख नको. तिची बारीक धूळ श्वासात जाणंही वाईट. चुलीच्या राखेवरही डोळे झाकून विसंबू नये. रंगवलेलं लाकूड किंवा प्लास्टिक जळालं असेल तर तीही बाद.

ओळखायची एक घरगुती रीत आहे. चिमूटभर राखेवर लिंबू पिळा. लाकडाची असेल तर बहुधा फसफसते, थर्मलची सहसा थंड बसते. पूर्ण खात्री देणारी ही परीक्षा नव्हे, पण मावशींना ती पुरली. त्यांनी अर्धं लिंबू पिळलं, वाट पाहिली, आणि मडक्यातली चवळी सुपात ओतून घेतली.