पिकअपचं नाक खाली का असतं?

लासलगावला कांदा घेऊन निघालेली पिकअप जाताना पाहावी आणि रिकामी परतताना पाहावी. जाताना ती सरळ दिसते. परतताना मात्र मागचा भाग उचललेला आणि नाक जमिनीकडे, असा तिचा अवतार असतो. हा दोष नाही, कारखान्याने तिला मुद्दामच तसं बसवलेलं असतं. हौद्यात माल पडला की मागचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दबतात आणि गाडी लेव्हलला येते. आपल्याकडचा पिकअपवाला या झुकावाबद्दल कधी कुरकुरत नाही, उलट मागे एखादा जादा पाटा टाकून घेतो. अमेरिकेत मात्र हाच झुकाव घालवण्यासाठी लोक पैसे मोजून नाक वर उचलणारी ‘लेव्हलिंग किट’ बसवतात. माझ्या मते याचं कारण साधं आहे: तिथे पिकअप हळूहळू घरची गाडी झाली आणि हौदा बहुतेक वेळ रिकामाच राहू लागला.

फोर्डने १९२५ मध्ये मॉडेल टी रनअबाउटला कारखान्यातच हौदा जोडून विकायला सुरुवात केली. किंमत होती २८१ डॉलर. त्या गाडीला उंचीची वेगळी गरजच नव्हती, कारण रस्ते चिखलाचे म्हणून चाकं आधीच मोठी होती. उंचीचा खरा प्रश्न पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद द्यायची ठरली तेव्हा आला. इंडियानापोलिसची मार्मन-हेरिंग्टन कंपनी १९३५ पासून फोर्डच्या ट्रकांना चारही चाकांची ओढ बसवून देऊ लागली. महायुद्ध संपल्यावर १९४६ मध्ये डॉजची पॉवर वॅगन आली. १९५७ मध्ये शेव्हरोलेने नॅपको कंपनीची फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी, यंत्रणा कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. इंजिनाच्या खाली डिफरन्शियलसकट, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्यासकट, अख्खा धुरा बसवायचा म्हणजे गाडी वर उचलावीच लागते. ‘उंच पिकअप म्हणजे दणकट पिकअप’ ही समजूत इथूनच रुजली असावी.

या गाड्यांना पुढेमागे अखंड धुरा आणि पाटेच होते. अशी गाडी उचलणं हे लोहारकाम. जास्त कमानीचे पाटे घाला, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी पट्टी) लावा, नाहीतर मागे धुरा आणि पाट्यांच्या मध्ये ठोकळा ठेवा. हाच ठोकळा पुढे लावला तर ब्रेक दाबताना धुरा पिळवटतो आणि ठोकळा निसटण्याची भीती असते. जाणता मेकॅनिक ते काम अंगावर घेत नाही. सत्तरच्या दशकात या हौसेला धरबंध उरला नाही. सेंट लुईसजवळ बॉब चँडलर यांनी आपली १९७४ ची फोर्ड एफ-२५० उचलत उचलत ‘बिगफूट’ करून टाकली आणि १९८१ मध्ये ती जुन्या मोटारींवरून चालवून त्यांचा चुराडा केला. त्या दृश्याने किती तरुणांना वेड लावलं असेल!

मग खालचा सांगाडाच बदलला. गाडी मोटारीसारखी मऊ चालावी म्हणून पुढची चाकं स्वतंत्र झाली. फोर्डने १९८० मध्ये फोर-बाय-फोरचा पुढचा धुरा दोन तुकड्यांत विभागला. अमेरिकेतल्या टोयोटा पिकअपने १९८६ च्या मॉडेलपासून अखंड धुरा सोडला. १९८८ मध्ये जनरल मोटर्सच्या फोर-बाय-फोरला पुढे टॉर्शन बार आले, म्हणजे स्प्रिंगच्या जागी पीळ घेणारी पोलादी दांडी. लोहारकामाचे दिवस तिथे सरले. चार-सहा इंच उचलायची तर डिफरन्शियल आणि खालचे आर्म (चाक धरणारे दांडे) ब्रॅकेट लावून खाली आणावे लागतात. तो महागडा खटाटोप. म्हणून काहींनी चासी आणि बॉडीच्या मध्ये गुटके घालून नुसती बॉडीच वर केली.

थोडंच उचलायचं असेल तर टॉर्शन बारवाल्याचं काम सोपं झालं: पान्याने एक बोल्ट आवळला की नाक वर. खर्च शून्य म्हणून लोक खूश. पण बोल्ट आवळल्याने चाकाची एकूण हालचाल वाढत नाही, तिची वाटणी बदलते. वरच्या बाजूला जी जागा मिळते, ती खालच्या बाजूची कापून घेतलेली असते. मग खड्ड्यात चाक लटकलं की ठक्.

आज दिसणारी लेव्हलिंग किट याच्या पुढच्या बदलातून आली. फोर्डची २००४ ची एफ-१५० आणि शेव्हरोलेची २००७ ची सिल्व्हराडो १५०० या गाड्यांना पुढे शॉकअपभोवतीच स्प्रिंग आली. आता त्या जोडीच्या डोक्यावर एक जाड चकती ठेवली की काम झालं. शॉकअप खालच्या आर्मच्या टोकाला नसून अलीकडे बसतो, त्यामुळे इंचभर चकतीने चाकापाशी साधारण दोन इंच मिळतात. अनेक दुकानदार हा हिशेब गिऱ्हाईकाला नीट सांगत नाहीत, मग दोन इंचांची चकती मागून चार इंचांचं दुखणं घरी येतं. त्यात वरचा बॉल जॉइंट तिरका होतो, ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट ताणले जातात, टायर एका कडेने घासतात. चाकापाशी दोन इंचांपर्यंत उंची वाढवणारी चकती ठीक, त्यापुढे वरचे आर्म बदलण्याचा खर्च धरावा. चकती कुठलीही असो, नंतर अलाइनमेंट आणि हेडलाइट पुन्हा लावून घ्यायचेच. फोर्डच्या सुपर ड्यूटी एफ-२५० फोर-बाय-फोरला मात्र पुढे अजून अखंड धुराच आहे, त्यामुळे तिथलं गणित वेगळं.

कायदा मागून आला. २०१२ च्या मॉडेलपासून अमेरिकेत हलक्या गाड्यांना घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सक्तीची झाली, आणि बऱ्या कंपन्या आपली उंच किट त्या कसोटीवर तपासून घेऊ लागल्या. मग उलटीच फॅशन आली: नाक आकाशात, मागचा भाग रस्त्याला टेकलेला, ‘कॅरोलायना स्क्वॉट’. ड्रायव्हरला समोरचा रस्ताच दिसेना. पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा जास्त उंच असलेल्या गाड्यांवर नॉर्थ कॅरोलायनाने १ डिसेंबर २०२१ पासून बंदी घातली.

आपल्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये. दोघींना पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, त्यामुळे रिकाम्या असताना त्याही पुढे झुकतात आणि किटची चौकशी सुरू होते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निकाल दिला आहे: कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत चालणार नाही. त्यामुळे किटवर पैसे घालण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं.

तिकडे अमेरिकेत गंमत अशी की, नाक वर घेतलेल्या पिकअपला सुट्टीत मालक ट्रेलर जोडतो, मागचा भाग बसतो आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मग तो मागे हवेचे फुगे बसवून घेतो, आणि ट्रेलर सोडला की त्यातली हवा काढून टाकतो.