चिलखताची भेग आणि शेतातलं सोल्युशन

मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस आले की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत रात्रभर नाटकं रंगतात. गेल्या हंगामात वडशाजवळच्या एका गावात मध्यंतराला पडद्यामागे गेलो होतो. दिवसा धानाची चुरणी करणारा एक तरुण रात्री सेनापती झाला होता. चंदेरी रंगवलेलं प्लास्टिकचं चिलखत उतरवून त्यानं माझ्या हातात दिलं. खाकेच्या कापापासून छातीकडे बोटभर भेग गेली होती. "तीनदा चिकटवलं जी, तीनदा निघालं. अन् हे हिवाळ्यातच काहून तडकते?"

त्याचा प्रश्न अगदी नेमका होता. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. ताण आला की त्या एकमेकींवरून थोड्या सरकतात आणि वस्तू तुटण्याऐवजी वाकते. थंडीत हे सरकणं मंदावतं. त्यात चिलखत उन्हाळाभर अंगणात पडलेलं असेल, तर उन्हातल्या अतिनील किरणांनी साखळ्या आधीच जागोजागी तोडलेल्या असतात. मग पहाटेच्या गारठ्यात सेनापती गुडघ्यावर बसतो आणि खाकेशी कट्‌ असा आवाज येतो.

भेग खाकेशीच का पडली, हे कापडाच्या दुकानात उभं राहिलं की कळतं. दुकानदार काठाला कात्रीचा छोटा काप देतो आणि मग नुसत्या हातानं टरकन कापड फाडतो, कारण सगळा ताण त्या कापाच्या टोकाशी गोळा होतो. चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्यानं 1913 मध्ये याचं गणित मांडलं. ते ढोबळपणे लावलं, तर काठापासून आत गेलेल्या एक सेंटीमीटर भेगेच्या टोकाच्या गोलाईची त्रिज्या 0.1 मिलिमीटर असताना तिथला ताण आजूबाजूच्या सुमारे 21 पट होतो. त्याच टोकावर 3 मिलिमीटर व्यासाचं गोल भोक पाडलं, तर तो सहा-सात पटींवर येतो. म्हणून गोंदाला हात लावण्याआधी भेगेचं टोक शोधायचं आणि तिथे ड्रिलनं छोटं भोक पाडायचं. भेग असलेल्या वस्तूला आणखी भोक पाडायला मन धजत नाही, पण माझ्या मते दुरुस्तीतलं सर्वांत मोलाचं काम हेच.

आता गोंद कुठला? याचं उत्तर शेतकऱ्याला माहीत असतं, फक्त ते चिलखताशी जोडून पाहिलेलं नसतं. पीव्हीसी पाइप जोडताना आपण सोल्युशन नावाचा गोंद लावतो. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं, दोन्हीकडच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि त्यातलं द्रावक (विरघळवणारा द्रव) उडून गेलं की जोड एकजीव होतो. ठिबक सिंचनाच्या लॅटरलला, म्हणजे पिकाच्या ओळीतल्या बारीक नळीला, मात्र कोणी सोल्युशन लावत नाही, तिथे जॉइनर (जोडतुकडा) घालतात. लॅटरल पॉलिथिलीनची असते. ती या द्रावकांत विरघळत नाही आणि तिचा पृष्ठभाग गोंदाला धरूही देत नाही.

चिलखत यातलं कुठलं, हे बादलीभर पाण्यात कळतं. आतल्या काठाचा नखाएवढा तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, म्हणून वर येतात. पीव्हीसी, एबीएस, पॉलिस्टायरीन ही प्लास्टिकं तळाशी जातात. (फोमची चिलखतं कशीही तरंगतात, त्यांना ही परीक्षा लागू नाही.) जाळून वास घेण्याची पद्धत मात्र नको. पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ असते.

आमचा तुकडा बुडाला आणि ॲसिटोन या द्रावकाच्या थेंबानं चिकट झाला, म्हणजे बहुधा पीव्हीसी नव्हे. एबीएस असावं असा अंदाज केला. त्याच चिलखताच्या आतल्या काठाची कात्रण काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये टाकली. रात्रभरात तिची दाट खळ झाली. ती भेगेत भरली. ॲसिटोन भडकन पेट घेतं, त्यामुळे हे काम उघड्यावर, चूल आणि विडीपासून लांब केलं.

भेगेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टा दिसत होता. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा आधीच पडलेल्या असतात. म्हणून आतून लावलेलं ठिगळ त्या पट्ट्याच्याही बाहेर दोन बोटं नेलं. फायबरग्लासची जाळी, त्यावर खळ, असे तीन थर दिले. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा लहान, म्हणजे कडा उतरती राहते. जाड ठिगळ एकदम संपलं तर त्याच्या कडेलाच नवी भेग पडते. झटपट गोंद (फेविक्विकसारखा) वापरणाऱ्यांना एक कळकळीची सूचना: त्याच्याखाली सुती कापड घेऊ नका. कापसाशी तो इतका तापतो की बोटं भाजतात, कधी धूरही निघतो.

तुकडा तरंगला असता, तर मी गोंदाचा नादच सोडला असता. दोन्ही बाजूंना गोल भोकं पाडून मोच्याकडून नायलॉनच्या दोऱ्याचे टाके घालून घेतले असते.

दोन दिवस वाळल्यावर सेनापतीनं स्वतःच चंदेरी रंग मारला. दुसऱ्या खाकेचा काप अजून तसाच टोकदार होता. तो पॉलिश पेपरनं घासून गोल करत सेनापती तिथेच बसला.