पोकळ म्हणून तोडायचं?

रस्ता रुंद करायची मोजणी झाली आणि वाटेतल्या जुन्या झाडावर रंगाने आकडा पडला, की कोकणातल्या गावात एक गाऱ्हाणं देवापुढे होतं आणि दुसरं तहसीलदाराकडे जातं. देवरहाटीतलं, म्हणजे देवासाठी राखलेल्या रानातलं, झाड असेल तर कौल घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही, हा रिवाज अजून कित्येक गावं पाळतात. समोरचं उत्तर मात्र ठरलेलं: ‘झाड आतून पोकळ आहे, उद्या कुणाच्या अंगावर पडलं तर? आणि एकाच्या बदल्यात दहा लावतोच आहोत ना!’

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर धडकलं आणि बागाच्या बागा आडव्या झाल्या. त्यामुळे ही भीती हसण्यावारी नेता येत नाही. पण पोकळ म्हणजे मरायला टेकलेलं, ही समजूत चुकीची आहे.

झाडाचा सगळा जीव सालीखाली असतो: पाणी वर नेणारं बाहेरचं लाकूड आणि पानांत तयार झालेलं अन्न खाली आणणारा पातळ थर. मधला गाभा मृत पेशींचा. वादळात फांदी मोडते, जखमेतून बुरशी शिरते आणि गाभा कुजू लागतो. अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून दाखवून दिलं, की झाड जखम भरून काढत नाही. कुजक्या भागाला ते भिंत घालतं आणि तिच्या बाहेर नवं लाकूड चढवत राहतं. वाऱ्याने खोड वाकतं तेव्हा सर्वात जास्त ताण येतो कडेवर, गाभ्यावर जेमतेम. बांबू पोकळ असून वाऱ्याला दाद देत नाही, तो याच हिशेबाने. शाबूत लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांशाहून कमी असेल तर काळजी करावी, असा वृक्षतज्ज्ञांचा ढोबळ नियम आहे. ही जाडी बारीक सुई खुपसून किंवा ध्वनिलहरी सोडून मोजणारी यंत्रं आहेत. तेव्हा ‘धोकादायक’ असा शेरा पुढे आला, की आधी मोजणीचा कागद मागावा.

आणि ती पोकळी रिकामी कुठे असते? धनेश पक्ष्याला सुतारपक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही. त्याला तयारच लागते, तीही मोठी. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी बेहड्यासारख्या उंच, जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेने तोंड लिंपून घेते. उरते एक उभी फट. नर येतो, गळ्यात साठवून आणलेली वड-उंबराची फळं एकेक करून चोचीच्या टोकाशी आणतो आणि फटीतून आत देतो. राजधनेशाचा हा संसार तीन-चार महिने चालतो. एवढी ढोली व्हायला कित्येक दशकं जातात. दहा रोपांत ती एकही मिळत नाही.

कार्बनचा हिशेबही रोपांच्या बाजूने नाही. ४०३ जातींच्या झाडांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. बहुतेक जातींत झाड जितकं मोठं, तितकी त्याच्या वजनात, म्हणजे साठवलेल्या कार्बनमध्येही, दरवर्षी पडणारी भर जास्त, असं त्यात आढळलं.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये शहरी वृक्ष कायदा दुरुस्त करून ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष मानलं. तोडलंच तर वयाइतकी झाडं लावायची. ग्रामपंचायतीच्या हद्दीत हा कायदा येत नाही. शिवाय वय काढायचं कसं? सागात वर्षाची वलयं स्पष्ट दिसतात, वडात ती भरवशाची नसतात आणि त्याचं मूळ खोड पुष्कळदा पारंब्यांत हरवलेलं असतं. फलकांवरची ‘पाचशे वर्षं’ मी म्हणूनच सावधपणे घेतो. झाड वाचवायला त्या आकड्याची गरजही नाही.

रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा जुना वड २०२० मध्ये लोकांच्या विरोधामुळे कुऱ्हाडीतून सुटला. रस्त्याची आखणी बदलली. पण कुऱ्हाड टळली तरी जेसीबी असतोच. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या हात-दीड हात मातीत, फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. ती तुटली किंवा वर रोलर फिरला, तर झाड लगेच वाळत नाही. काही वर्षांनी शेंड्याकडून मरत येतं, आणि तोवर ठेकेदार निघून गेलेला असतो. ब्रिटनमध्ये बांधकामासाठी मानक आहे: खोडाच्या व्यासाच्या बारा पट अंतरात, जास्तीत जास्त १५ मीटरपर्यंत, खोदकाम नको. म्हणजे मीटरभर व्यासाच्या झाडाभोवती १२ मीटर. ‘झाड तोडणार नाही’ एवढ्या आश्वासनावर उठण्याआधी हे मीटर लेखी घ्यावेत.