नंबर लावलाय की अपॉइंटमेंट घेतलीय? दोन्ही एक नव्हेत हो

मागच्या महिन्यात आईला चिपळूणला एका स्पेशालिस्टकडे न्यायचं होतं. फोन केला तर रिसेप्शनवरची पोरगी म्हणाली, "तुमची अकराची लिहून घेतलीय." मी खूश. गुहागरहून सकाळची एसटी धरली, पावणेअकराला धापा टाकत दवाखान्यात हजर, तर वहीत आईच्या नावासमोर ११ लिहिलेलं, म्हणजे अकरा वाजता नव्हे, अकरावा नंबर! डॉक्टर आले साडेबाराला, आईला आत बोलावलं दोन वाजता. चूक माझीपण होती, मी विचारलंच नाही.

तर फरक असा. नंबर म्हणजे रांगेतली तुमची जागा, त्याचा घड्याळाशी संबंध नाही. अपॉइंटमेंट म्हणजे वेळ, तिचा पुढे किती माणसं बसलीत त्याच्याशी (निदान कागदावर) संबंध नाही. आपल्याकडे गोंधळ होतो कारण फोनवर सगळेच "अपॉइंटमेंट" म्हणतात आणि वहीत मात्र नंबरच लिहितात.

नंबरचा हिशोब सोपा आहे. एका पेशंटला सरासरी सात मिनिटं धरली तर अकराव्याच्या पुढे दहा जण, म्हणजे सत्तर मिनिटं. पण ही सत्तर मिनिटं डॉक्टर खुर्चीत बसले की सुरू होतात, बोर्डावरच्या वेळेपासून नाही, इथेच सगळे फसतात. शिवाय बीपीची गोळी चालू ठेवायला आलेला माणूस तीन मिनिटांत बाहेर येतो, नवीन पेशंट वीस मिनिटं घेतो, आणि मध्येच "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणत दार ढकलणारे असतात त्यांचा तर कुठल्या वहीत हिशोबच नाही. त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, बीपी वाढतं.

अपॉइंटमेंटमध्ये दुखणं वेगळं. पहिला पेशंट दहा मिनिटं जास्त बसला की ती दहा मिनिटं पुढच्या प्रत्येकाच्या डोक्यावर, आणि दिवसभरात ती वाढत जातात. म्हणून खरी वेळ मिळत असेल तर सकाळची पहिली-दुसरी मागा, संध्याकाळची शेवटची घेऊ नका. आणि तुम्हीच उशिरा गेलात तर वेळ गेली, नंबरमध्ये मात्र कंपाउंडर दोन माणसं पुढे सोडून तुम्हाला घेतो, बहुतेकदा.

लोक विचारतात की मग सगळीकडे वेळच का नाही देत. अहो, १०.४० ला पोचा म्हणून एसटीला कोण सांगणार? वाडीवरून चालत रस्त्याला यायचं, गाडी मिळेल तेव्हा निघायचं, अशा माणसाला नंबरच बरा, कारण नंबरवाला फक्त "या" म्हणतो. मला तरी ही पद्धत मागासलेली वाटत नाही, फक्त तिला अपॉइंटमेंट म्हणू नका.

घाटावरून आठवड्या-पंधरवड्यातून येणाऱ्या डॉक्टरांचं तर तिसरंच. तिथे अपॉइंटमेंटचा अर्थ एवढाच की त्या दिवशीच्या यादीत तुमचं नाव आहे. कुंभार्ली घाटात एक ट्रक आडवा झाला की यादीतल्या सगळ्यांची वेळ एकदमच गेली. गणपतीत चाकरमानी आले की हीच यादी दुप्पट होते, त्यामुळे जुनी तपासणी असेल तर गणपतीआधी उरकून घ्या.

सरकारीत केसपेपरचा नंबर वेगळा आणि डॉक्टरचा वेगळा. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसे लागत नाहीत, पण केसपेपरची रांग आहेच. काही ठिकाणी भिंतीवरचा क्यूआर आभा अ‍ॅपने (सरकारच्या आरोग्य खात्याचं अ‍ॅप) स्कॅन केला की मोबाईलवर टोकन येतं. लोकांना वाटतं झाला डॉक्टरचा नंबर, पण ते टोकन नोंदणीच्या खिडकीचं असतं, डॉक्टरच्या दाराबाहेर परत बसायचंय! ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन दवाखान्यात, घरबसल्या डॉक्टर भेटतो खरा, पण तिथेही टोकन आणि रांग आहेच, फक्त आपल्या पडवीत बसून.

लावणीच्या दिवसात चिखलात राबून ताप आला, अंग मोडून आलं, पोटऱ्या दुखायला लागल्या तर "गुरुवारची अपॉइंटमेंट आहे" म्हणून घरी बसू नका, लेप्टो (चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) गुरुवारची वाट बघत नाही, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन नंबर लावा आणि शेतात होतो हे आधी सांगा. फुरसं चावलं, छातीत कळ आली, श्वास लागला तर नंबरही नाही नि वेळही नाही, सरळ १०८.

फोनवर मी आता तीनच प्रश्न विचारतो. वेळ दिलीय की नंबर? डॉक्टर खरे किती वाजता बसतात? आणि निघायच्या आधी परत फोन करून, आता कितवा चालू आहे? तिसऱ्याचं उत्तर कंपाउंडरकडून घ्या, तो बरोबर सांगतो.

आईची पुढची तारीख घेताना तीच पोरगी म्हणाली, "चारची देते." मी म्हटलं, चार वाजता की चौथा? ती हसायला लागली. म्हणाली, "चौथा हो काका, पण साडेबाराच्या आधी येऊ नका."