रिससिटेट म्हणजे शुद्धीवर आणणं नव्हे

उन्हात घेरी येऊन पडलेल्या माणसाच्या तोंडावर आपण पाणी मारतो, कांदा हुंगवतो. तो डोळे उघडतो. इंग्रजीतल्या 'रिससिटेट' या क्रियापदाचा अर्थ बरेच जण एवढाच लावतात. डॉक्टर मात्र हा शब्द प्रामुख्याने श्वास किंवा हृदय बंद पडलेल्या माणसासाठी वापरतात. घेरी आलेला माणूस आडवा झाला की मेंदूला रक्त पोचतं आणि तो बहुधा आपोआप सावरतो. हृदय थांबलेला सावरत नाही. रक्त थांबल्यावर 4 ते 6 मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते, आणि ती मिनिटं कांदा शोधण्यात जातात याचं मला फार वाईट वाटतं.

शब्द लॅटिन आहे. 'री' म्हणजे पुन्हा, पुढचा भाग म्हणजे चेतवणं. विझत आलेली चूल फुंकर घालून चेतवतात, तसं. ॲमस्टरडॅममध्ये 1767 साली बुडालेल्यांना वाचवण्यासाठी संस्था निघाली, तिच्या उपायांत तोंडाने हवा फुंकणं होतं आणि गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणंही होतं. पहिला उपाय टिकला.

छाती दाबण्याची आजची पद्धत 1960 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून जगासमोर आली. कुत्र्यावर प्रयोग चालू असताना विजेचा झटका देणाऱ्या जड पट्ट्या छातीवर दाबल्या की रक्तदाब थोडा चढतो, हे तिथं लक्षात आलं होतं. हृदय बंद असलं तरी बाहेरून दाबून रक्त ढकलता येतं! म्हणून 108 ला फोन लावायचा आणि छातीच्या मधोमध तळहात रोवून, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जाईल असं मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबायचं. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची.

बाळंतघरात हेच क्रियापद फार हळुवार होतं. न रडलेल्या बाळाला कोरड्या कापडाने पुसतात, पाठ चोळतात. पुष्कळदा तेवढ्यावर बाळ श्वास घेतं.

या शब्दात यश गृहीत आहे, हीच अडचण. म्हणून आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020 साली, असाध्य आजारात हे उपाय कधी करू नयेत याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा नावातच 'प्रयत्न' हा शब्द ठेवला. मराठीत 'पुनरुज्जीवन' म्हणतात. नातेवाइकांना ते मेलेलं माणूस उठवल्यासारखं ऐकू येतं. 'हृदय आणि श्वास पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करतोय' हे लांबलचक आहे, पण आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलाला आत काय चाललंय ते त्यातून कळतं.