परसबागेतील ऋतुमानानुसार लागवड

घराभोवतालच्या मोकळ्या जागेत, गच्चीवर किंवा कुंड्यांत भाज्या, फुलझाडे व फळझाडे लावताना कोणते वाण वर्षाच्या कोणत्या काळात लावावे, हे हवामान आणि वनस्पतीच्या गरजा पाहून ठरविण्याची पद्धत. वनस्पतीला ऋतू कळतो तो मुख्यतः दिवस-रात्रीच्या लांबीवरून आणि तापमानावरून. बियांच्या पाकिटावर छापलेला पेरणीचा महिना हा या दोहोंचा ढोबळ अंदाज असतो. उत्तर गोलार्धासाठी छापलेले पाकीट दक्षिणेत वापरले, तर तो सरळ सहा महिन्यांनी चुकतो.

दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध अमेरिकन शास्त्रज्ञ वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्ये मांडला. त्यांच्यापुढे ‘मेरिलँड मॅमथ’ हा तंबाखूचा वाण होता. उन्हाळ्यात शेतात तो नुसता उंच वाढे, फुलत नसे. हिवाळ्यात काचगृहात मात्र त्याला फुले येत. भर उन्हाळ्यात रोपे रोज काही तास अंधारात ठेवून दिवस आखूड केला, तेव्हा तीही फुलली. या गुणधर्माला दीप्तिकालिता म्हणतात. शेवंती आणि पॉइन्सेटिया दिवस लहान होऊ लागल्यावर कळ्या धरतात. पालक दिवस लांबला की दांडा काढून फुलोऱ्यावर येतो. टोमॅटोला दिवसाच्या लांबीचे फारसे सोयरसुतक नसते. आखूड दिवसाच्या वनस्पती प्रत्यक्षात अखंड काळोखाचा काळ मोजतात, हे नंतरच्या प्रयोगांतून दिसले. मध्यरात्री थोडा उजेड पडला तरी त्यांचा हिशेब बिघडतो. व्हरांड्यात रात्रभर जळणाऱ्या दिव्याजवळची शेवंती खतपाणी मिळूनही कळी धरत नाही, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

वाणनिवडीचे सर्वांत बोलके उदाहरण कांद्याचे. दिवस किती लांब झाला म्हणजे गड्डा पोसू लागायचे, हे प्रत्येक वाणात ठरलेले असते. आखूड दिवसाच्या वाणांना साधारण १० ते १२ तासांचा दिवस पुरतो, लांब दिवसाच्या वाणांना १४ तास किंवा अधिक लागतात. लांब दिवसाचा वाण विषुववृत्ताजवळ लावला, तर पात येत राहते आणि गड्डा धरत नाही. आखूड दिवसाचा वाण थंड, उत्तरेकडील प्रदेशात वसंतात लावला, तर रोप वाढण्याआधीच गड्डा धरून कांदा बोराएवढा राहतो. दोन्ही वेळी दोष मातीला दिला जातो. म्हणून नुसते ‘कांद्याचे बी’ मागण्यापेक्षा वाणाचे नाव विचारणे शहाणपणाचे.

तापमानाचा प्रभाव बी रुजण्यापासूनच सुरू होतो. वाटाणा ५° से. एवढ्या गार मातीतही रुजू शकतो, मात्र हळू. काकडी आणि भेंडीचे बी १५° से.च्या खाली बहुधा कुजते. टोमॅटोत रात्री १३° से.च्या खाली किंवा दिवसा ३५° से.च्या वर तापमान राहिले, की परागीभवन फसते आणि फूलगळ होते. झाड हिरवेगार, पण फळ नाही, या तक्रारीमागे अनेकदा खताची उणीव नसून चुकलेला हंगाम असतो. काही वनस्पतींना उलट थंडीच हवी असते. ट्युलिपच्या कंदांना १२ ते १६ आठवडे गारवा मिळाल्याशिवाय धड फुले येत नाहीत. सफरचंदाच्या अनेक जुन्या वाणांना ७° से.च्या खालचे ८०० ते १,००० तास लागतात, तर ‘अ‍ॅना’सारखा वाण २००–३०० तासांत भागवतो. काही वनस्पतींत तर मुळात फुलण्याची क्षमताच थंडीमुळे येते; त्या प्रक्रियेला वासंतीकरण म्हणतात. ती नको तेव्हा घडली, तर कांद्याला डोंगळे (फुलांचे दांडे) येतात.

बहुवर्षायू झाडांसाठी अमेरिकेच्या कृषी विभागाने १९६० मध्ये पहिला काटकता नकाशा काढला. वर्षातील सर्वांत कमी तापमानाच्या सरासरीवर आधारलेले त्याचे आता १३ पट्टे आहेत. झाड थंडीत तगेल का, एवढेच त्यावरून समजते. उन्हाळ्याची काहिली, पाऊस आणि जमीन यांबद्दल तो काही सांगत नाही. शिवाय एकाच अंगणात भिंतीलगतचा कोपरा उबदार आणि सखल भाग अधिक गार असतो. जागा ठरविण्यापूर्वी ऊन मोजावे : फळभाज्यांना ६ ते ८ तास थेट ऊन लागते, पालेभाज्या ३–४ तासांतही चालतात.

घरात किंवा जाळीखाली वाढविलेली रोपे आठ-दहा दिवस थोडी थोडी बाहेर ठेवून कणखर करतात. एकदम उन्हात लावलेली रोपे करपतात. पुनर्लागवड संध्याकाळी, माती वाफशावर (ओलसर, पण चिखल नसलेली) असताना करावी. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातील पिके असल्याने त्यांत रोग व सूत्रकृमी (मुळांना उपद्रव देणारे सूक्ष्म कृमी) समान असतात. त्याच वाफ्यात ती लागोपाठ घेऊ नयेत. कुंडीत फेरपालटाऐवजी माती बदलता येते. छाटणीची वेळ फुलण्यावरून ठरते. वसंतात फुलणारी बरीच झुडपे आदल्या वर्षीच्या फांद्यांवर कळ्या धरतात, म्हणून ती फुले सरल्यावर लगेच छाटतात. नव्या फुटीवर फुलणारी झुडपे मात्र सुप्तावस्थेच्या अखेरीस, फूट येण्याआधी छाटलेली चालतात.